सात दिवस घाम नको

बियाण्यासाठी लावलेल्या मिरचीची उद्या उमलणारी कळी आजच चिमट्यानं उघडतात आणि आतले पुंकेसर काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा असतो. नाही लावला तर ती गळते. आणखी एक दिवस थांब म्हटलं तर थांबत नाही.

•

रामरावांच्या घराचं दार बाहेरून नुसतं ओढून घेता येतं. कडी आतूनच लागते.

•

जाफराबादच्या फ्लेक्सवाल्या राधेश्यामनं मोबाईलवर नमुना पाठवला. रामरावांना एकसष्टीच्या हार्दिक शुभेच्छा, सोबत सौ. नंदाबाई. फोटोतल्या नंदाबाईंच्या डोळ्यांवर दुसऱ्याच कुठल्या तरी बाईच्या भुवया होत्या. खाली निरोप: काका, काकूंचं जरा नीट करून घेतलंय. चालंल ना?

•

नाशिकला एका चष्म्याच्या दुकानात एक मुलगी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवते, दोन पावलं मागं सरते आणि म्हणते, "डावीकडे एक सूत खाली आहे. काढू नका, थांबा."

•

गंधालीच्या खणात नारिंगी रंगाच्या चार बाटल्या आहेत. नारिंगी भुवया कुणालाच नको असतात. पण गोंदून निळी पडलेली भुवई तपकिरी करायची तर आधी तिच्यावर नारिंगीच द्यावा लागतो.

•

वहीचं पान, हिरवी शाई:
*भुवया झाल्यावर आईनं करायचं.
१. सात दिवस पाणी नको.
२. सात दिवस घाम नको.
३.* (घडीवर विरलं आहे)
*४. खपली स्वतःहून पडू दे. आई, नख लावू नको. लावशील, मला माहीत आहे.*

*

भुवया गोंदणाऱ्या गंधालीच्या जालन्यात दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत गुलाबी खुर्च्या, आतल्या खोलीत पलंग आणि दिवा. रविवारी अकरा वाजता बाहेरच्या चार खुर्च्या एकाच घरच्या माणसांनी भरून गेल्या.

रामराव टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. समोरच्या भिंतीवर बायकांचे अर्धे अर्धे चेहरे लावलेले होते, आधीचे आणि नंतरचे. कुठं बघावं ते त्यांना कळेना, म्हणून ते टोपीकडे बघत होते.

"वहिनी, आता मागं सरायचं न्हाई," त्यांची बहीण शैला म्हणाली. ती बदनापूरची. ही जागा तिनंच शोधली होती. "दीड महिन्यापासून नंबर लावून ठेवल्ता मी. आज बसल्या तर एकसष्टीपर्यंत सगळं सुकून नवंकोरं दिसतंय."

नंदाबाईंनी पदर कपाळावर आणखी बोटभर ओढला. तीन वर्षांत ती सवयच झाली होती. पदराखाली दोन निळसर भुवया होत्या, शाईनं गिरवून मग पाण्यात पुसल्यासारख्या. डावीचं शेपूट मध्येच तुटलेलं.

"आई, पाणी देऊ का?" सुनेनं विचारलं. सुरेखा. जालन्यात ती आणि नवरा कल्याण एमआयडीसीच्या मागं भाड्यानं राहायचे. कल्याण रोलिंग मिलमध्ये पाळीवर गेला होता, म्हणून आज सासरची माणसं तिच्या एकटीच्या ताब्यात होती.

"नको गं."

"घ्या वो थोडं," शैला म्हणाली. "भ्यायचं काय त्याच्यात? पोरीनं केल्तं तवा न्हाई भ्यायल्या."

'पोरीनं' म्हटल्यावर कुणी कुणाकडे बघितलं नाही. अर्पिताचं नाव या घरात घेतलं जात नसे. 'पोरीनं' म्हटलं तरी चालायचं.

*

सुरेखाला हे सगळं ऐकीव होतं. आणि थोडं पाहिलेलं.

ऐकीव असं: नंदाबाईंच्या भुवया मुळातच विरळ. लग्नकार्यात त्या काजळाची कांडी फिरवायच्या, आणि पंगतीत वाढताना घाम आला की काजळ डोळ्यांत उतरायचं. अर्पिता संभाजीनगरला भुवया गोंदायचा सात दिवसांचा क्लास करून आली होती. रबराच्या चामड्यावर तिनं भुवयांच्या बावीस जोड्या कोरल्या. तेविसावी जोडी आईची. कल्याणच्या लग्नाला अकरा दिवस होते. "आता किती बी घाम येऊ दे, जाणार न्हाई," ती आईला म्हणाली होती.

पाहिलेलं असं: हळदीच्या दिवशी सुरेखा त्या घरात आली तेव्हा सासूच्या कपाळावर निळे पट्टे होते आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, मायच्या तोंडावर कोळसा फिरवला पोरीनं. मग अंगणात, सगळ्यांसमोर, सासरे अर्पिताला म्हणाले, "ज्या हातानं मायचं तोंड खराब केलंस, त्या हातानं मला पाणी बी देऊ नको." सुरेखाच्या हातावरची मेंदी तेव्हा ओली होती. पुढचे आठ दिवस अर्पिता त्या घरात होती, आणि खरोखरच तिनं कुणाला पाणी दिलं नाही. नवव्या दिवशी ती नाशिकच्या एसटीत बसली.

सुरेखाला विचित्र वाटायचं ते वेगळंच. सासूचा त्या भुवयांशिवायचा चेहरा तिनं कधी बघितलाच नव्हता. निळ्या भुवया गेल्या तर समोर कोण बसलेलं असेल?

*

"पदर मागं घ्या मावशी. आणि आडव्या नका होऊ, आधी बसूनच बघू," गंधाली म्हणाली.

तिनं दोऱ्याला रंग लावला, नाकाच्या मध्यातून वर ताणून धरला, कपाळावर टिचकी मारून रेघ उठवली. मग आडवा दोरा. मग डोळ्याच्या कोपऱ्यापासून. रोज तिच्याकडे बिघडलेल्या भुवया येत. एक वर, एक खाली. एक जाड, एक सुतासारखी. बिघडलेल्या भुवईत बिघडवणाऱ्याची घाई दिसते, हे तिला आता पाठ झालं होतं.

इथं ती दिसेना. तिनं दोरा पुन्हा ताणला.

"कुणी केल्या?"

"लेकीनं."

"किती वर्षं करते?"

"न्हाई करत. एवढीच केली. सात दिवस शिकल्ती."

गंधालीनं दोरा खाली ठेवला. "तुमच्या घरचे बाहेर आहेत ना? बोलवा त्यांना."

तिघं आत आले. रामराव दारातच थांबले. आत बायकांची जागा होती. गंधालीनं आरसा नंदाबाईंच्या हातात दिला आणि रेघांवर पेन्सिल टेकवत गेली.

"ही सुरुवात, इकडे आणि तिकडे. सारखी. ही उंची, सारखी. मावशींचा डावा डोळा थोडा खाली आहे. तुमच्या लक्षात आलं होतं का कधी? तिच्या आलं होतं. तेवढं तिनं वर घेतलंय. सात दिवसांच्या क्लासवर हे जमत नाही. हात चांगला आहे."

"चांगला?" शैला म्हणाली. "तीन वर्षं झाले लोक हसून राह्यलेत, अन् चांगला?"

"आकार चांगला आहे. रंग बिघडलाय. रंग तिनं जरा गार, निळ्याकडे झुकणारा निवडला, ती चूक तिची, नवीन माणसं करतात ती. पण तेवढ्यानं एवढं होत नाही." गंधालीनं डाव्या शेपटावर बोट ठेवलं. "ही खपली पडलेली नाही, ओढून निघालीये. आणि ताज्या जखमेला ऊन लागलंय. मावशी, केल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं होतं?"

नंदाबाई आरशात बघत होत्या.

"झोपेत हात लागला आसंल," शैला म्हणाली.

"झोपेत एवढं नाही निघत."

"मंग तिनंच कायतरी लावलं आसंल."

"नंदा, सांग की," रामराव दारातून म्हणाले. "मॅडम विचारून राह्यल्या."

*

नंदाबाईंनी कमरेची पिशवी उघडली. तंबाखूची डबी नव्हे, किल्ली नव्हे. तळाशी दुमडलेला एक कागद होता. तो त्यांनी सुरेखाच्या हातात दिला.

"वाच."

सुरेखानं वाचलं. एक, दोन. तीन वाचता येईना. चार वाचताना तिचा आवाज खाली गेला.

"तिनं लिहून दिल्तं," नंदाबाई म्हणाल्या. "मी पाळलं न्हाई."

"काय पाळलं न्हाई?" रामरावांनी विचारलं.

"मी मिरचीच्या शेडात गेल्ते. दुसऱ्याच दिवशी."

रामरावांनी दाराची चौकट धरली.

"भुवया दुपारी केल्या. त्याच्या आधी सकाळपून मी साडेचारशे कळ्या उघडून ठेवल्त्या. शेजारच्या भागवतच्या बायकोला सांगितलं व्हतं, उद्या तू पराग लाव, मला आठ दिवस यायचं न्हाई. तिनं सांजच्याला निरोप पाठवला, माहेरी चालले. आता साडेचारशे कळ्या. सोडून देऊ? तुम्ही पाणी धरायला शेतात, कल्याण इकडं जालन्याला. अर्पी झोपलेली. मी दार ओढून घेतलं अन् गेले. म्हणलं दहाच्या आत येते, तिला कळायचं बी न्हाई."

"मंग?"

"मंग काय. शेडनेटात आठलाच भट्टी व्हती. कपाळाला फडकं बांधलं, ऊन लागू नाही म्हणून. घामानं ते चिकटलं. बाहेर येऊन सोडलं त् खपली फडक्यासंगं आली." त्यांनी डाव्या भुवईला बोट लावलं, अगदी हलकं. "फडकं धुतलं. घरी येऊन खोबरेल लावलं. सांजच्याला ती जवळ बसली, माझी हनुवटी धरली अन् म्हणली, आई, असं कसं झालं?"

सुरेखानं कागदाची घडी घालून तो त्यांच्या पिशवीत परत ठेवला.

"मी म्हणले, तूच बघ बाई. तुझंच काम हाय."

*

रामरावांना आतल्या खोलीत यायचं नव्हतं, पण ते आले. पलंगाच्या कडेला बसले, मग ती बसायची जागा नाही हे लक्षात येऊन उठले.

"तीन वर्ष," ते म्हणाले. "तीन वर्ष तू मला बोलली न्हाईस. मी तिला अंगणात काय काय बोललो."

"ऐकलं व्हतं मी."

"मंग तिथंच काहून न्हाई बोललीस?"

"भ्या वाटलं."

"माझं?"

"तुमचं काय भ्या," नंदाबाई म्हणाल्या. "तिचं. तिला कळंल म्हणून."

शैलानं पर्स उघडली, बंद केली. "आता मागचं उकरून काय उपयोग? मॅडम, तुमचं सांगा. नीट होईल ना?"

"होईल," गंधाली म्हणाली. "लेझरनं पूर्ण काढायचं तर पाच-सहा महिने जातील. नाहीतर हाच आकार ठेवून नारिंगीनं निळं मारू, वर तपकिरी भरू. दोन बैठका. पहिली आज झाली तर तुमच्या कार्यक्रमापर्यंत बरंच सुधारलेलं दिसेल."

"हां, मंग आजच बसवा."

"नको," नंदाबाई म्हणाल्या.

"वहिनी, दोनशे लोक येणारेत. फोटो निघणार. त्या फ्लेक्सवाल्यानं सुद्धा..."

"ताई, ती एसटीत बसता बसता मला म्हणली. खिडकीतून. कुणाला हात लावू देऊ नको, मी येऊन नीट करते." नंदाबाईंनी आरसा पालथा ठेवला. "मी तिच्यासाठी ठेवल्यात. तुम्हाला वाटतं मला लाज न्हाई वाटत? सांजच्याला देवाला दिवा लावते, बाजूच्या आरशात बघते. म्हणते, अजून तशाच हायेत. म्हणजे ती यायची हाय. आज ह्या बाईंनी नीट केल्या त् ती कशाला येईल?"

शैलानं पर्स खांद्याला लावली. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "कोळसा फिरवला, ते मीच म्हणले व्हते. हळदीच्या दिवशी."

"माहीत हाय," नंदाबाई म्हणाल्या.

*

"सुरेखा," रामराव म्हणाले, "तुझ्याकडं नंबर हाय का तिचा?"

सुरेखाकडे होता. दर रविवारी रात्री जेवणं झाल्यावर ती अर्पिताला सासूचा एक फोटो पाठवायची. शेडमधला, ओट्यापाशी बसलेला, व्हिडिओ कॉलवरून टिपलेला, कसाही. अर्पितानं मागितला नव्हता. पण एकदा पाठवायचा राहिला, तर सोमवारी सकाळी तिचा निरोप आला होता: वहिनी, आई बरी आहे ना? हे सुरेखानं कल्याणलाही सांगितलं नव्हतं. तिनं सासऱ्यांकडे बघितलं आणि ठरवलं, आज गप्प राहणारी सून व्हायचं नाही.

"आहे," ती म्हणाली, आणि फोन लावून स्पीकर चालू केला.

"बोला वहिनी. दुकानात आहे, जल्दी."

रामरावांनी फोन हातात घेतला. तो तळहातावर सपाट धरला, प्रसाद धरल्यासारखा.

"अर्पे. मी हाय."

पलीकडे कुणीतरी काचेचं कपाट सरकवलं.

"अण्णा? तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय. आम्ही जालन्याला आलोय. तुझ्या मायच्या भुवयांसाठी."

"कुणी केल्या?" आवाज एकदम जवळ आला. "अण्णा, हात लावला का कुणी?"

"न्हाई. ती लावू देईना." रामराव थांबले. "त्या मॅडमनं दोरा लावून बघितलं. बराबर हाय म्हणल्या. हात चांगला हाय म्हणल्या तुझा."

पलीकडे काचेवर एक फ्रेम ठेवल्याचा आवाज आला.

"मी तवा जे बोललो," रामराव म्हणाले, आणि पुढं त्यांना वाक्य सापडेना. साठ वर्षांत असं वाक्य त्यांना कुणाला म्हणावं लागलं नव्हतं. "ते पाण्याचं. ते चुकलं माझं."

"आईला द्या," अर्पिता म्हणाली.

नंदाबाईंनी फोन घेतला नाही. फक्त वाकल्या.

"अर्पे, मी त्या दिवशी शेडात गेल्ते. खपली फडक्यानं निघाली. तुझ्या हातानं काय झालं न्हाई. मी तुला सांगितलं न्हाई."

सुरेखानं फोन चालू आहे का ते बघितलं.

"किती कळ्या होत्या?" अर्पितानं विचारलं.

"साडेचारशे."

"लागल्या का सगळ्या?"

"तीसेक गळाल्या. बाकीच्या लागल्या."

"मंग बरं झालं," अर्पिता म्हणाली. नाशिकची भाषा सोडून तिचा आवाज क्षणभर घरी आला होता. "जेवलीस का?"

"न्हाई अजून."

"जेवून घे. दोन वाजेपर्यंत थांबतेस तू."

नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. तेव्हा गंधाली पुढं वाकली. "ताई, मी गंधाली, इथं काम करते. आकार मी हलवत नाही. नारिंगी आधी द्यायचा, मग तपकिरी. तुम्ही या, माझ्या खुर्चीवर बसा. मी शेजारी बसते."

"माझा हात सुटलाय. तीन वर्षं सुई धरली नाही."

"रबर देते. दोन दिवस त्याच्यावर करा, मग आईला घ्या."

पलीकडे गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं. अर्पिता त्याला म्हणाली, "एक मिनिट, माझ्या घरचा फोन आहे." मग इकडे म्हणाली, "अण्णा, मी एकसष्टीला येणार नाही."

"बरं," रामराव म्हणाले.

"तिथं सगळ्यांपुढं नाही यायचं मला. आईच्या भुवयांना येईन. सुट्टी मिळाली की कळवते."

"कवा बी ये. मी स्टँडवर येतो घ्यायला."

"नको. येईन मी."

"येतो," रामराव म्हणाले. "पाण्याची बाटली घेऊन येतो."

शैलाला हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात घातलं. पलीकडून काही ऐकू आलं नाही, पण फोन लगेच बंदही झाला नाही.

*

गंधालीनं नंदाबाईंच्या कपाळावरच्या रेघा कापसानं पुसल्या. दोऱ्याच्या रेघा गेल्या, भुवया राहिल्या. तिनं मलमाची एक छोटी नळी दिली. उन्हात जाताना लावायची, रोज.

"शेडात लावली तर चालंल?"

"शेडात तर लावाच."

जाफराबादच्या जीपमध्ये रामराव पुढं बसले, नंदाबाई मागं. भोकरदनच्या अलीकडे त्यांनी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि राधेश्यामला निरोप बोलून पाठवला. शेजारच्या माणसांनी तो ऐकला.

"राधेश्याम, त्या फ्लेक्सवरच्या भुवया काढ. आमच्या घरच्या न्हाईत त्या. हिच्या हायेत तशाच ठेव. हां, निळ्याच."

मागं नंदाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, पण कपाळावर ओढला नाही. खिडकीतून वारा येत होता. त्यांनी पिशवीतला कागद काढला, घडी न उलगडता हातात धरला आणि सुट्टी म्हणजे किती दिवसांनी, हे कुणाला विचारावं ते त्यांना कळेना.

*

कल्याणच्या लग्नाला दहा दिवस होते. सकाळी पावणेसहा वाजता नंदाबाई दार ओढून घेऊन शेडच्या रस्त्याला लागल्या, त्यानंतर आतून कडी जागीच असलेल्या अर्पितानं लावली.